मोटरीपासून चाकापर्यंत

जयपूर शहरात मिर्झा इस्माईल मार्गाच्या दक्षिणेस सी-स्कीम नावाची वसाहत आहे. रुंद रस्ते, दुतर्फा झाडे आणि मधोमध एक मोठे वर्तुळाकार उद्यान अशी तिची रचना आहे. या वर्तुळास स्टॅच्यू सर्कल म्हणतात, आणि तेथे उभा असलेला पुतळा जयपूरचा संस्थापक सवाई जयसिंग याचा आहे. इ. स. १७२७ मध्ये या राजाने आपली नवी राजधानी वसविली आणि तेथे वेधशाळा उभारली. त्या वेधशाळेतील अवाढव्य यंत्रे दगड-चुन्याची का बांधली, याचे उत्तर त्याने स्वतःच आपल्या खगोल-सारणीच्या प्रस्तावनेत दिले आहे. पितळी यंत्रे आकाराने लहान असतात, ती हलतात, त्यांचे आस झिजतात आणि केंद्रे जागेवरून सरकतात. त्यामुळे वेध चुकतात, असा त्याचा अनुभव होता.

आस झिजणे आणि केंद्र सरकणे हे दोन दोष फिरणाऱ्या प्रत्येक यंत्राला जन्मापासून चिकटलेले आहेत. वेधयंत्र दगडाचे करता येते. गाडी मात्र दगडाची करता येत नाही. तेव्हा गाडी चालविणाऱ्याला या दोषांशी रोजचा व्यवहार करावाच लागतो. प्रस्तुत प्रकरणात आपण हा व्यवहार एका लहानशा यंत्राच्या आधारे समजून घेणार आहोत. ते यंत्र म्हणजे रेडिओ-नियंत्रित प्रतिकृती मोटारगाडी होय.

एका गाडीची तक्रार

याच वसाहतीतील एका इमारतीत राहणाऱ्या मराठी कुटुंबातील १४ वर्षांच्या एका मुलाचे उदाहरण घेऊ. त्याच्याजवळ खऱ्या गाडीच्या एक-दशांश आकाराची, मागील दोन चाकांवर चालणारी, खडबडीत जमिनीसाठी बनविलेली बग्गी होती. गाडी चांगली धावे, परंतु मुलाला ती अधिक वेगाने धावायला हवी होती. मोटरीच्या आसावर १८ दातांचे लहान चक्र होते. ते काढून त्याने २४ दातांचे बसविले. गुळगुळीत रस्त्यावर गाडी खरोखरच अधिक वेगाने धावली. मग शेजारी बांधकामासाठी पसरलेल्या वाळूत त्याने ती नेली. दहाएक मिनिटांत जळका वास आला आणि मोटर बंद पडली. साठविलेल्या पैशांतून त्याने दुसरी मोटर आणली. तिलाही पहिल्याच दिवशी तसाच वास येऊ लागला, तेव्हा तो गाडी उचलून आजोबांकडे आला. आजोबांनी सारा जन्म कारखान्यात यंत्रे दुरुस्त करण्यात घालविला होता.

"आजोबा, या मोटरीच खराब येतात," मुलगा म्हणाला.

"असेलही," आजोबा म्हणाले, "पण दोन मोटरी एकाच रीतीने मेल्या, तर आधी मारणारा शोधावा. तिसरी घेऊ नकोस. पाने आण, आणि वहीसुद्धा."

तिसऱ्या मोटरीसाठी मुलाजवळ पैसेही नव्हते. यास्तव आता जे काही साधायचे ते समजुतीनेच साधणे भाग होते. आपणही त्यांच्याबरोबर त्याच क्रमाने जाऊ.

दातांचा हिशेब

विजेची लहान मोटर अतिशय वेगाने फिरते, परंतु तिच्या पिळात जोर थोडा असतो. गाडीला मात्र याच्या उलट हवे असते : चाकाचा वेग बेताचा आणि पिळाचा जोर भरपूर. हा सौदा दंतचक्रे घडवून आणतात. मोटरीच्या आसावरील लहान चक्रास पिनियन म्हणतात. ते ज्या मोठ्या चक्रास फिरविते त्यास स्पर गिअर म्हणतात. मोठ्या चक्राच्या दातांना लहान चक्राच्या दातांनी भागले असता जे गुणोत्तर येते, तितक्या पटीने वेग घटतो आणि घर्षणात जाणारा अंश सोडला तर तितक्याच पटीने पिळाचा जोर वाढतो. कारखान्यात या जोरास टॉर्क म्हणतात.

आपल्या गाडीतील मोठ्या चक्रास ९० दात होते. १८ दातांच्या पिनियनबरोबर हे गुणोत्तर ५ येते. पुढे बंदिस्त पेटीतील चक्रे वेग आणखी अडीच पटीने घटवीत होती. म्हणजे एकूण गुणोत्तर १२.५ झाले. मोटर मिनिटाला १५,००० फेरे घेते असे धरले, तर चाक १,२०० फेरे घेईल. चाकाचा व्यास ८५ मिलिमीटर, म्हणून परिघ सुमारे २६७ मिलिमीटर. तेव्हा गाडी मिनिटाला सुमारे ३२० मीटर, म्हणजेच ताशी सुमारे १९ किलोमीटर जाईल. पिनियन २४ दातांचे केले की एकूण गुणोत्तर ९.३७५ होते, चाकाचे फेरे १,६०० होतात आणि वेग ताशी सुमारे २५.६ किलोमीटर होतो. वेगात एक-तृतीयांश वाढ झाली. मुलाचा आनंद येथपर्यंत योग्यच होता.

परंतु यंत्रशास्त्रात फुकट काहीच मिळत नाही. वाळूतून गाडी ओढण्यास चाकाला जो जोर लागतो, तो गुणोत्तर बदलल्याने बदलत नाही. तोच जोर चाकावर मिळविण्यासाठी आता मोटरीला पूर्वीच्या ४/३ पट पीळ द्यावा लागतो. अशा मोटरीचा पीळ तिच्यातून वाहणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या प्रमाणात असतो. म्हणून प्रवाहही ४/३ पट होतो. तारेत निर्माण होणारी उष्णता मात्र प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. ४/३ चा वर्ग १६/९, म्हणजे जवळजवळ १.८. वेग एक-तृतीयांशाने वाढविण्याची किंमत म्हणून वेटोळ्यातील उष्णता जवळजवळ पावणेदोन पटीहून अधिक झाली! शिवाय वाळूत मोटरीचा वेग मंदावतो. मोटर वेगाने फिरत असताना ती स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करून प्रवाहाला आवर घालीत असते. वेग मंदावला की हा लगामही सैल होतो. त्यातून जयपूरचा मे महिना, जेव्हा सावलीतील हवाच ४० अंशांच्या वर असते. मग मोटरीने थंड व्हावे तरी कोठे?

येथे पहिला नियम हाती लागतो : पिनियन बदलावे ते एकेका दाताने, आणि प्रत्येक बदलानंतर चार-पाच मिनिटे गाडी चालवून मोटरीचे कवच किती तापले ते पाहावे. बोट क्षणभरही टेकवत नसेल, तर एक दात मागे यावे. जमीन सैल व रेताड असेल तेथे पिनियन लहान ठेवावे; सपाट, कठीण जमिनीवर ते थोडे मोठे चालते.

दातांची भेट

आजोबांना आढळलेला दुसरा दोष याच बदलातून उद्भवलेला होता. दोन चक्रांच्या केंद्रांमधील अंतर दातांच्या संख्येवर अवलंबून असते. या गाडीतील चक्रे एक इंच व्यासामागे ४८ दात या मापाची होती. अशा चक्रांसाठी दोन्हींच्या दातांची बेरीज करून तिला ९६ ने भागले की केंद्रांमधील अंतर इंचांत मिळते. १८ आणि ९० मिळून १०८. म्हणजे अंतर १.१२५ इंच. २४ आणि ९० मिळून ११४. म्हणजे अंतर १.१८७५ इंच. पिनियन बदलताना मोटर बरोबर एक-सोळांश इंच, अर्थात सुमारे १.६ मिलिमीटर, मागे सरकवायला हवी होती. मुलाने ती नजरेच्या अंदाजाने सरकविली आणि दात एकमेकांत घट्ट रुतवून स्क्रू आवळले. अधिक घट्ट ते अधिक चांगले, ही त्याची समजूत होती.

ही समजूत पुष्कळांची असते आणि ती चुकीची आहे. दात एकमेकांवर घासत नाहीत तर बहुतांशी लोळतात, आणि लोळण्यासाठी त्यांना थोडी मोकळीक लागते. ती नसली तर एका चक्राचे दात दुसऱ्याच्या तळाशी भिडतात, आसावर आडवा दाब येतो, बेअरिंगे तापतात आणि मोटरीची शक्ती दातांतच खर्ची पडते. उलट मोकळीक अती झाली तर दात केवळ टोकांनी एकमेकांस धरतात आणि पहिल्याच झटक्याला मोठ्या चक्राचे प्लॅस्टिकचे दात सपाट होऊन जातात.

योग्य मोकळीक साधण्याची एक सोपी आणि जुनी युक्ती आहे. साध्या वहीच्या कागदाची पातळ पट्टी कापावी. मोटरीचे स्क्रू सैल करून ती पट्टी दोन्ही चक्रांच्या मध्ये घालावी, मोटर हलकेच चक्रावर दाबावी आणि स्क्रू आवळावे. मग चक्र हाताने फिरवून पट्टी बाहेर काढावी. तिच्यावर नागमोडी घड्या उमटल्या असल्या पण ती फाटली नसली, तर अंतर योग्य समजावे. त्यानंतर पिनियन धरून ठेवून मोठे चक्र बोटाने मागे-पुढे हलवावे. किंचित टकटक जाणवली पाहिजे. ही परीक्षा एकाच ठिकाणी करून थांबू नये. प्लॅस्टिकचे चक्र पुष्कळदा अगदी अचूक गोल नसते. ते पाव-पाव फेरा फिरवून चार ठिकाणी तपासावे आणि जेथे सर्वांत घट्ट असेल तेथे मोकळीक ठेवावी. कानही येथे मदत करतो : दात घट्ट असले तर गाडी कण्हल्यासारखा उंच सूर काढते, सैल असले तर खडखडते.

आणखी एक सावधगिरी. इंचामागे ४८ दातांची चक्रे आणि ०.६ मॉड्यूलची मेट्रिक चक्रे नजरेला सारखीच दिसतात. ४८ चे मॉड्यूल काढले तर ते सुमारे ०.५३ येते. ही दोन मापे एकमेकांशी कधीही जुळत नाहीत. जुळविली तर थोडक्याच वेळात दात खाल्ले जातात. नवे पिनियन घेताना दातांची संख्या पाहावी, पण त्याआधी माप पाहावे.

अडथळा शोधण्याची रीत

मुलाने पिनियन बदलले, दात योग्य अंतरावर बसविले, आणि काम संपले असे त्याला वाटले. आजोबांनी मात्र विजेरी काढून ठेवली, मोटर मागे सरकवून पिनियन दातांतून सोडविले आणि मोठे चक्र बोटाने टिचकीसरशी फिरविले. चाके अर्धा फेरा घेऊन थांबली. मोटर जोडलेलीच नव्हती. म्हणजे अडथळा पुढे कोठेतरी होता.

तो कसा शोधावा? यंत्राचे भाग एकेक करून वेगळे करावेत आणि प्रत्येक टप्प्यावर तीच परीक्षा पुन्हा करावी. आजोबांनी पेटीपासून चाकांकडे जाणारे दोन्ही दांडे काढले आणि चक्राला टिचकी मारली. आता पेटीतील चक्रे सुरळीत फिरू लागली. अर्थात पेटी निर्दोष होती. मग त्यांनी एकेक चाक फिरवून पाहिले. डावे कितीतरी वेळ फिरत राहिले. उजव्यातून दळल्यासारखा आवाज आला. उजव्या चाकाच्या बेअरिंगात वाळू शिरली होती.

या वाळूला कमी लेखू नये. तिच्यातील बहुतेक कण गारेचे, म्हणजे क्वार्ट्झचे असतात. खनिजांचा कठीणपणा मोजण्याच्या मोह्स श्रेणीत गारेचे स्थान ७ आहे. ॲल्युमिनिअम सुमारे पावणेतीनवर आहे, आणि सामान्य पोलाददेखील गारेपेक्षा मऊच ठरते. तेव्हा बेअरिंगातील वाळू म्हणजे आतून चालणारी कानसच होय. उन्हाळ्यातील आंधीच्या दिवसांत जयपूरमध्ये ही धूळ खिडक्या लावलेल्या घरातसुद्धा शिरते. मग उघड्या यंत्राची काय कथा!

येथे ग्रीसविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. फिरणाऱ्या प्रत्येक भागाला ग्रीस लावले की तो सुखाने फिरतो, असे अनेकांना वाटते. बंदिस्त पेटीतील चक्रांच्या बाबतीत हे खरे आहे. परंतु पिनियन व मोठे चक्र उघड्यावर असले तर ग्रीसला धूळ चिकटते आणि त्याचा घासकामाचा लेप तयार होतो. नायलॉनचे चक्र धातूच्या पिनियनवर कोरडेच चांगले चालते. म्हणून रेताड प्रदेशात उघडी चक्रे कोरडी ठेवावीत, दर वेळी मऊ ब्रशने झाडावीत, आणि तेल-ग्रीस झाकलेल्या भागांपुरतेच राखावे.

अनेक स्वस्त गाड्यांतून बेअरिंगांच्या जागी प्लॅस्टिकच्या किंवा पितळी बुशी असतात. त्या लवकर झिजतात. आस हलू लागतो आणि योग्य जुळविलेले दात पुन्हा बिघडतात. जयसिंगाची तक्रार ती हीच. बुश काढून गोळ्यांचे बेअरिंग बसविणे ही या गाडीवरील सर्वांत किफायतशीर सुधारणा होय. जयपूर शहराला हा विषय परका नाही. बेअरिंगे बनविणारी नॅशनल इंजिनिअरिंग इंडस्ट्रीज ही संस्था १९४६ साली याच शहरात स्थापन झाली.

वळणाचा प्रश्न

गाडी सरळ जाताना दोन्ही मागील चाके सारखेच फेरे घेतात. वळताना तसे होत नाही. आपल्या गाडीची चाके एकमेकांपासून २० सेंटिमीटर अंतरावर आहेत असे समजू. ती एक मीटर त्रिज्येच्या वर्तुळात पूर्ण फेरी मारील, तेव्हा बाहेरचे चाक आतल्या चाकापेक्षा सुमारे १२६ सेंटिमीटर अधिक चालेल, म्हणजे जवळजवळ पावणेपाच फेरे अधिक घेईल. दोन्ही चाके एकाच आसाला पक्की जखडलेली असती तर एकाला तरी फरफटत जावे लागले असते. हा फरक पचविणारी जी चक्ररचना असते तिला डिफरन्शियल म्हणतात. फ्रान्समधील पेकर याने १८२० च्या दशकाच्या अखेरीस वाफेच्या गाडीसाठी ती योजिली, आणि १८७७ मध्ये इंग्लंडमध्ये जेम्स स्टार्ली याने ती तीनचाकी सायकलीत वापरली.

प्रतिकृती-गाड्यांत तिचे दोन प्रकार आढळतात. एकात लहान तिरकी दंतचक्रे असतात आणि पेटीत दाट सिलिकॉन तेल भरलेले असते. तेल पातळ असेल तर चाके एकमेकांपासून सहज मोकळी होतात आणि गाडी चटकन वळते. परंतु आतले चाक उचलले गेले की सारी शक्ती तेच उधळून टाकते. तेल दाट असेल तर दोन्ही चाके बरोबरीने ओढतात, मात्र गाडी वळणाला नाखूश राहते. दुसऱ्या प्रकारात दोन कड्यांच्या मध्ये पोलादी गोळ्या दाबून बसविलेल्या असतात आणि दाब एका स्क्रूने कमी-अधिक करता येतो. हा दाब फार सैल ठेवला तर गोळ्या लोळण्याऐवजी घसरतात आणि कड्यांवर चरे पाडतात.

अशा गाडीत मोठ्या चक्राशेजारी बहुधा एक घसरता क्लचही असतो. अचानक झटका आला की तो किंचित घसरतो आणि दातांना वाचवितो. स्प्रिंग अशी आवळावी की गाडी जागेवरून जोराने निघताना पहिल्या अर्ध्या मीटरभर घसरण्याचा बारीक आवाज यावा आणि मग थांबावा. मुख्य नियम असा की, क्लच आधी घसरला पाहिजे आणि डिफरन्शियलमधील गोळ्या कधीच घसरता कामा नयेत. म्हणून प्रथम डिफरन्शियल जुळवावे आणि क्लच त्यानंतर. हा क्रम उलटा केला तर एक दोष दुसऱ्याच्या मागे लपतो.

चारही चाकांवर चालणाऱ्या गाड्यांत शक्ती पुढच्या चाकांकडे दांड्याने किंवा दातेरी पट्ट्याने नेलेली असते. पट्टा असेल तर त्यालाही हाच न्याय लागू पडतो : फार ताणला तर तो बेअरिंगांवर भार टाकतो, फार सैल सोडला तर दात चुकवितो.

थोडे इतिहासाविषयी

हा छंद फार जुना नाही. इटलीतील एल-जी या कंपनीने १९६६ मध्ये विकावयास आणलेली फेरारी ही अशा प्रकारच्या आरंभीच्या गाड्यांपैकी एक. जपानमधील शिझुओका येथील तामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही विजेवर चालणारी गाडी काढली आणि १९७९ मध्ये वाळूवर धावणाऱ्या बग्ग्या बाजारात आणल्या. अमेरिकेतील असोसिएटेड कंपनीची आरसी-१० ही बग्गी १९८४ ची. आपल्या देशातही अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या तंत्रमहोत्सवांतून विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या अशा गाड्यांच्या शर्यती होत आल्या आहेत. तेथे पुष्कळदा जिंकते ती सर्वांत जोरदार मोटर नव्हे, तर शेवटच्या फेरीपर्यंत टिकणारी दंतचक्रे.

हिशेबाची वही

आता मुलाच्या वहीत काय लिहिले गेले ते पाहू. पहिल्या दिवशी : पिनियन १८, उजवे बेअरिंग नवे, कागदाच्या पट्टीने दात जुळविले; विजेरी संपेपर्यंत गाडी चालली, मोटर कोमट. दुसऱ्या दिवशी : पिनियन १९, मोटर थोडी अधिक गरम. तिसऱ्या दिवशी : पिनियन २०, एकूण गुणोत्तर ११.२५, वेग हिशेबाने ताशी सुमारे २१ किलोमीटर; रस्त्यावर ठीक, वाळूत मोटर बोट टेकवत नाही इतकी तापली. तेथे तो थांबला. वाळूसाठी १९ आणि रस्त्यासाठी २० असा निर्णय त्याने स्वतःच घेतला. २४ दातांचे पिनियन डबीत पडून राहिले.

"म्हणजे वेग वाढला तो एवढाच," तो जरा हिरमुसून म्हणाला.

"वेग थोडाच वाढला," आजोबा म्हणाले, "पण का वाढला आणि कुठे थांबायचे, हे आता तुला ठाऊक आहे. ते पिनियन बदलून मिळाले नसते."

वाचकाने आपल्या गाडीवर काम करताना हाच क्रम ठेवावा. आधी विजेरी काढावी. मोटर सोडवून बाकीची यंत्रणा मोकळी फिरते का ते पाहावे, आणि न फिरल्यास भाग वेगळे करीत अडथळ्यापर्यंत जावे. मग डिफरन्शियल, त्यामागून क्लच, शेवटी दातांची मोकळीक. पिनियनची संख्या सर्वांत शेवटी बदलावी, आणि तीही एकेका दाताने. एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि ती लिहून ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशामुळे सुधारली हे कळत नाही, आणि बिघडली तर परतण्याची वाट उरत नाही.